डावीकडून उभे

बसच्या पाटीवर आता शिरूर असतं,
पण फोटोंच्या पाठीवर, पेन्सिलीनं,
अजून घोडनदीच आहे.

माझं झेरॉक्सचं दुकान, कोर्टाच्या रस्त्याला.
सातबारा, आधार, जातीचे दाखले.
दिवसभर लोकांचे पुरावे काढतो
आणि रात्री आठनंतर, शटर अर्धं ओढून,
आतारांच्या स्टुडिओतली पत्र्याची पेटी उघडतो.
भंगारात घालण्याआधी त्यांच्या नातवानं
सहज विचारलं होतं, "तुला काचा लागतात का?"

काचेवर माणसं उलटी निघतात,
केस पांढरे, दात काळे,
टोप्या शाईत बुडवून काढल्यासारख्या.
सगळ्यांच्या मागे एकच पडदा:
तळं, दोन हंस, संगमरवरी जिना.
चाळीस वर्षं अख्खं गाव
त्या जिन्याशी उभं राहिलं, चढलं कुणीच नाही.
म्हणून गाव शोधायचं तर कडेला बघायचं,
पडदा संपतो तिथं.
चार बोटं भिंत, फाटकं कॅलेंडर,
आणि पडदा ताणून धरणाऱ्या पोराचं कोपर.

बाहेर काढलेले फोटो थोडेच.
त्यातल्या नवरीकडे मी फारसं पाहत नाही,
तिच्या खांद्यावरून मागची पाटी वाचतो,
"–ई छाप तपकीर".
पाटी आहे म्हणजे तपकिरीचं दुकान होतं,
दुकान होतं म्हणजे चौक रुंद व्हायचा होता.
असं सरकत सरकत साल काढायचं.

बाजारच्या दिवशी दोरीला चिमटे लावून टांगतो.
"हा तर नाना तांबोळी!"
"नाना एवढा उंच कधी होता?"
"तेव्हा तरुण होता."
"म्हणून काय उंच होता?"
निम्मी ओळख अशीच भांडणात जाते.

एक फोटो नगरपालिकेच्या पहिल्या नळाचा.
खुर्चीत दोघे, मागे अकरा उभे, हार नळाला.
आणि मागच्या रांगेत, दोन टोप्यांच्या मधे,
नखाएवढं चौकोनी भोक.
पाठीवर यादी: डावीकडून उभे…
त्यातही तेच भोक.
"बा", मग काही नाही, मग "मढेरे".

तिमाबाई धोत्रे निराधारचा अर्ज झेरॉक्सला घेऊन आल्या,
दोरीखाली थांबल्या.
"हे मी कापलंय," म्हणाल्या. "शिवणाच्या कातरीनं.
दुसरा फोटूच नव्हता त्यांचा.
मोठा करून भिंतीला लावायचा होता.
आतार म्हणाले, एवढुशाचा मोठा केला
तर नुसते ठिपके येतील, बाई."

मग कनवटीची चंची सोडली.
सुपारी, कात, चुन्याची डबी,
आणि तळाशी तो तुकडा.
चेहरा चुन्यानं खाल्ला होता. नाक नाही, डोळे नाहीत,
खाली सदऱ्याची एक गुंडी तेवढी शाबूत.

मी तो भोकात बसवला. बसला.
उलटा करून पाहिलं तर पेन्सिल ठळक:
"बूराव ढ".
बाबूराव ढमढेरे जोडले गेले, साठ वर्षांनी.

"आणि यांचं नाव यादीत कुठंय?"
"यांना कुठं बोलावलं होतं?
चर खणत होते पायपाची.
फोटू निघतोय म्हणल्यावर मागनं उभे राहिले, पाट्यांच्या ढिगावर."
"नाव काय लिहू?"
पदर तोंडाशी गेला.
"मी कशी घेऊ? अर्जावर आहे की.
आत्ताच तर काढलीस."

काचेवर झाकण उघडून पाहिलं. कै. हणमा यल्लू धोत्रे.
यादीच्या शेवटी लिहिलं. मला जमेल तितक्या
आतारांच्या वळणात.

तुकडा ठेवून जा म्हणालो, नीट जपतो.
"नको," म्हणाल्या, "सुपारीची सवय झालीय त्याला."
झेरॉक्सचे दोन रुपये मोजून ठेवले
आणि ढमढेऱ्यांची मधली अक्षरं
पुन्हा चंचीत घालून घेऊन गेल्या.

स्कॅनमध्ये भोक पांढरं आलंय,
माझ्या मशीनच्या झाकणाच्या रंगाचं.
तसंच ठेवलंय.